गिरजाच्या वाट्याची ओंजळ

गिरजा, शोकसभेत तुझ्या फोटोला हार घालायला मला पुढे बोलावलं आणि मी तिथंच थबकले. फोटो सत्काराच्या दिवशीचा. अंगावर शाल, हातात नारळ, आणि चेहरा असा की कोणीतरी दम देऊन बसवलं आहे. ही कोण बाई, असं खरंच माझ्या मनात आलं. मग कळलं की तुझा चेहराच मला नीट आठवत नाही. पाठ आठवते. मोहाच्या झाडाखाली आम्ही सगळ्या वाकलेल्या, आणि तू आमच्याकडे पाठ करून झुडपांकडे बघत उभी. इतकी वर्षं मी तुझी पाठच पाहत आले. हार घातला, नमस्कार केला आणि मागे येऊन बसले.

थकवा आला आहे ग. तुझी तेरवी झाली, पाहुणे गेले, मांडव निघाला. जो येतो तो मला म्हणतो, बाई, तुम्ही तिच्या जवळच्या, तुम्ही काहीतरी बोला, काहीतरी लिहा. मी अंगणवाडीची बाई, चार ओळी लिहिता येतात, म्हणून हे माझ्याच गळ्यात पडतं. पण तुझ्याबद्दल चांगलं लिहायला बसले की मला भांडायचंच सुचतं. आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि ते तसंच टाकून तू गेलीस, याचा मला राग आहे. दुःखही आहे. पण खरं सांगते, सध्या राग जास्त आहे.

लोक आता सांगतात की तू धाडसी होतीस म्हणून उभी राहिलीस. ऐकून हसू येतं. तू उभी राहिलीस कारण तुला वाकता येत नव्हतं. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधावरून घसरलीस आणि कंबर धरली ती कायमची. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावची एक बाई मोह वेचताना वाघानं मारली. आपल्या बायांनी धसका घेतला. झाडाखाली मोहाच्या फुलांचा सडा पडलेला आणि जायची हिंमत कोणाची होईना. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. तेव्हा बोरिंगवर पाणी भरता भरता तू म्हणालीस, "मले तं वाकता येत नाई. मी उभी राहतो, तुमी वेचा." एवढंच झालं होतं. तुलाही रानात यायचं होतं. आम्ही सगळ्या गेल्यावर घरी एकटीनं बसायचा तुला कंटाळा, हे मला पक्कं माहीत आहे.

ओंजळीचं ठरलं ते त्याच दिवसांत. बहुतेक सरूनं ठरवलं असावं, ती आपल्यात सगळ्यांत बोलकी. निघताना प्रत्येकीनं आपल्या टोपलीतली एक ओंजळ तुझ्या टोपलीत टाकायची. मजुरी म्हणून नाही. मोहाच्या दिवसांत एखाद्याच घरच्या अंगणात मोह वाळत नाही असं दिसायला नको, म्हणून. तुझी टोपली आमच्याइतकीच भरायची. कधी तुला बरं नसलं, कधी माहेरी जायचं असलं, तर दुसरी कोणी उभी राहायची आणि त्या दिवशीच्या ओंजळी तिच्या. त्यात कोणाला काही वाटायचं नाही. सरू तर कितीदा स्वतःहून सांगायची की आज माझी कंबर दुखते, आज मी उभी राहते. तिची कंबर ठणठणीत होती, तिला नुसत्या गप्पा हाणायच्या असायच्या.

तुझी उभं राहायची रीतही काही फार मोठी नव्हती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा डबा. मधूनमधून डबा वाजवायचीस आणि एकेकीचं नाव घ्यायचीस, आणि वेचणारीनं तिथूनच "हाव" म्हणायचं. मी मुद्दाम उशिरा ओ द्यायची, म्हणजे तू चिडून दुसऱ्यांदा "ओ बाई" करून ओरडायचीस. तरी मागे वळून बघायची नाहीस, नजर समोरच. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा, त्यामुळे अर्धी नावं कळायचीच नाहीत. त्या खर्र्यावरून मी तुला काय काय बोलले असेन. तू म्हणायचीस, खर्रा नसला तर मला झोप येते, मग बघा बुवा तुमचं तुम्ही.

वाघ एकदा खरंच आला होता. तू डबा वाजवायची थांबलीस आणि नेहमीच्याच आवाजात म्हणालीस, बायाहो, उभ्या राहा जरा. सगळ्या उभ्या राहिलो. कोणी पळालं नाही, कारण तुझ्या आवाजात पळण्यासारखं काही नव्हतंच. पुढे तू सरूशी तिच्या वांग्यांबद्दल बोलत राहिलीस, बी चांगलं नव्हतं, खत कमी पडलं, असलं काहीतरी. सरूही बिचारी हो हो म्हणत होती. बऱ्याच वेळानं तू म्हणालीस, गेला, वेचा आता. आम्ही कसल्या वेचतो, टोपल्या उचलल्या आणि सरळ गावाकडे निघालो. घरी आल्यावर तू माझ्या ओट्यावर बसलीस, तरी काठी खाली ठेवायला तयार नव्हतीस. मी चहा केला. दोघीही हसत सुटलो, आणि हसता हसता तू रडलीस.

माझे यजमान चंद्रपूरला दवाखान्यात होते तेव्हाचंही आठवतं. मी तिकडे, आणि इकडे माझ्या घरची चूल तू पेटवत होतीस, पोरांना जेवू घालत होतीस. मी परत आले आणि आभार मानायला लागले, तर तू म्हणालीस, "तांदूळ तुहाच होता, मी फक्त शिजवला." त्याच्या बदल्यात तू माझ्याकडून नागपंचमीपर्यंत हक्कानं चहा प्यायलीस. तेव्हा तुला घ्यायचा संकोच नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मग तो सत्कार आला. आपापल्या गावात चांगलं काम करणाऱ्या साध्या माणसांना बोलावून मान द्यायचा, असा वरोऱ्याच्या एका मंडळाचा कार्यक्रम. हेतू चांगला होता, मी नावं ठेवणार नाही. माणसंही चांगली गोळा केली होती. दवाखान्यात रोग्यांच्या नातेवाइकांना भाकरी पुरवणारी एक म्हातारी होती. गोंडपिपरीकडचा मासे धरणारा एक भाऊ होता, नदीत बुडालेल्यांना तो बाहेर काढायचा. तो माझ्या शेजारीच बसला होता आणि कार्यक्रमभर खुर्चीखाली चप्पल चाचपत होता, कोणी नेली तर काय, या चिंतेत. तू मंचावर. मी एवढी खुश होते की माझे हात टाळ्यांनी लाल झाले.

सूत्रसंचालन करणारी बाई नागपूरची होती, तिनं तुला वाघीण म्हटलं. काठीच्या एका फटक्यात वाघाला पिटाळून लावणारी वाघीण. तू तिथल्या तिथे म्हणालीस, पिटाळला नाई जी, त्याचा तोच गेला. लोक हसले, तीही हसली. मग तिनं विचारलं की इतकी वर्षं ही निःस्वार्थ सेवा करताना तुम्हाला काय मिळालं. तिला समाधान, आशीर्वाद असं काहीतरी ऐकायचं होतं. तू खरं ते सांगितलंस. "बाया ओंजळ-ओंजळ मोह देतेत. टोपलं भरते न माहं."

पुढच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. बाईंनी घाईघाईनं, किती निरागस, असं म्हणत टाळ्या वाजवायला लावल्या, आणि तुझ्या हातात काचेच्या चौकटीतलं मानपत्र दिलं. टाळ्या जोरात पडल्या. पण तू ते खुसखुसणं ऐकलं होतंस. खुर्चीवर परत येऊन बसलीस तेव्हाच मला दिसलं.

परतीच्या एसटीत ते मानपत्र मांडीवर घेऊन बसली होतीस. मला विचारलंस की निःस्वार्थ म्हणजे काय. मी सांगितलं, बदल्यात काही न घेता केलेलं काम. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. भद्रावती आलं, गेलं.

"मंग हे खोटं लिवलं त्याईनं," तू म्हणालीस.

मी म्हटलं, लिहू दे, कोण वाचतं आहे, भिंतीला लावून ठेव.

"माह्या नावानं लिवलं न, बाई."

मला वाटलं, गाव आल्यावर विसरशील. मी तुला ओळखायला कमी पडले नाही, पण तू इतकी हट्टी असशील असं वाटलं नव्हतं. पुढच्या मोहाच्या पहिल्याच दिवशी, सगळ्या ओंजळी भरून आल्या आणि तू टोपली पदराखाली झाकलीस. आता नोको म्हणालीस. तिथं काच लावून लिवलं आहे, मी घेऊन राह्यली तं ते खोटं होईन. बायांना कळेना हसावं की काय. सरूनं जबरदस्तीनं ओंजळ टाकलीच, तर तू ती तिच्या टोपलीत परत टाकलीस, एक-एक फूल वेचून. माणसं कागद खोटा आहे म्हणून फाडतात. तू तो खरा करायला निघालीस, आणि तेही कोणाच्या, आपल्याला धड ओळखतही नसलेल्या माणसांच्या कागदासाठी.

त्या वर्षी तुझ्या अंगणात मोह वाळत नव्हता. मला तिकडे बघवायचं नाही. पावसाळ्यात मी मोह उकडून वाटीभर आणून दिला, तो मात्र तू खाल्लास, कारण ते शेजारचं होतं म्हणे.

पण मी भांडत होते ते तुझ्या रिकाम्या अंगणासाठी नव्हे. भांडण पुढचं होतं. तू घेणं बंद केलंस आणि दुसरं कोणी उभं राहणंच बंद झालं. का राहतील? दिवसभर उभं राहून रिकाम्या टोपलीनं घरी जायचं, ते आपल्यातल्या कोणाला परवडतं? आणि ओंजळ मागावी तर कशी मागावी, गिरजा घेत नाही आणि तुला पाहिजे, असं झालं असतं. सरूची कंबर त्यानंतर कधी दुखली नाही. आधी उभं राहणं सगळ्यांचं होतं, त्यात तुझी पाळी जास्त, एवढंच. सत्कारानंतर ते तुझं काम झालं. बाया वाईट नव्हत्या. त्या तुझ्या पाया पडायच्या, बाहेरच्यांना तुझं नाव सांगायच्या. पर्यटकांना वाघ दाखवायला नेणाऱ्या मोहर्लीच्या जिप्सीवाल्यांना सुद्धा तुझं नाव माहीत झालं होतं. पण तुला ताप असला तरी सकाळी तुझ्याच दारात हाक यायची.

मी तुला हे सांगितलं. एकदा नाही, अनेकदा सांगितलं. तू म्हणायचीस, ज्याले घ्याचं त्यानं घ्यावं, मी कोनाले नाई म्हटलं का? मी म्हणायची, तू नाही म्हणत नाहीस, पण तू घेत नाहीस तर दुसरीनं कोणत्या तोंडानं घ्यावं? तू म्हणायचीस, तुह्या शाळेतल्या पोराईले सांग हे. मग मी रागानं उठून जायची आणि संध्याकाळी तूच मीठ मागायला यायचीस. घरात मीठ असताना यायचीस.

यंदा होळीच्या आधीपासून तुझ्या अंगात ताप होता. मी गोळ्या आणून दिल्या. अंगावर काढू नको म्हणून सांगितलं. मोह पडायला लागला आणि तू डबा घेऊन निघालीस. मी दारात आडवी आले तर मला म्हणालीस, आज तं जाऊ दे, बाया खोळंबल्या. संध्याकाळी तुला धड बसताही येईना. आधी गावच्या आरोग्य केंद्रात, तिथून चंद्रपूरला. डॉक्टर म्हणाले की निमोनिया फार वाढला आहे.

दवाखान्यात तुझ्या उशाशी मी होते. डोळे उघडलेस आणि पाणी मागितलं नाहीस, मुलाचं विचारलं नाहीस. "आज कोन उभं होतं?"

"कोनी नाई," मी म्हटलं. "बाया तशाच गेल्या."

"तू काऊन नाई राह्यली?"

"मी इथी बसून आहो न तुह्याजवळ."

तू कोपरावर उठायला बघितलंस, मी तुला खाली निजवलं. त्या वेळी खूप काही बोलायचं होतं. मला भीती वाटते आहे, हे सांगायचं होतं. तू मला पाहिजे आहेस, बायांना नको, मोहाला नको, मला पाहिजे आहेस, असं सांगायचं होतं. मी चादर सारखी केली आणि झोप म्हणाले. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

तुझ्यामागे मोह काही थांबला नाही. बाया गेल्या. उभं कोणीच राहिलं नाही. प्रत्येकीनं चार फुलं वेचायची आणि दचकून सरळ व्हायचं, पुन्हा वाकायचं, पुन्हा सरळ व्हायचं. टोपल्या अर्ध्या येऊ लागल्या. मला तर रोज सकाळी असं वाटायचं की आज कोणाच्या तरी घरून रडं ऐकू येणार.

आणि तेरवीनंतर ती शोकसभा झाली. समाज मंदिरात सतरंज्या अंथरल्या, वरोऱ्याचे लोकही आले. चांगलं बोलले तुझ्याबद्दल. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. शेवटी त्यांच्यातले एक मोठे गृहस्थ म्हणाले की गिरजाबाईंचं निःस्वार्थ कार्य आता त्यांच्या मैत्रीण बाई पुढे नेतील, आणि पुढच्या वर्षी त्यांचाही यथोचित सन्मान करू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या नसतात, पण वाजवल्या. बायांचे चेहरे बघितले, सुटल्यासारखे झाले होते. त्यांचं रान मोकळं झालं होतं.

मी उठले. माझे पाय दुखत होते, मला घरी जाऊन पडायचं होतं.

"मी उभी राहतो," मी म्हटलं. "पन ओंजळ घेईन. सगळ्याईपासून घेईन. आन् रोज राहनार नाई. पाळी लावा. शाल-नारळ मले नोको."

वरोऱ्याचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. सरपंचांनी विषय बदलला आणि चहा आला. मैत्रिणीच्या फोटोसमोर उभं राहून ही बाई मोह मागते, असं त्यांना वाटलं असणार. त्यांना तसंच वाटावं, हेच मला हवं होतं.

संध्याकाळी बोरिंगवर सरू भेटली. पाण्याचा गुंड भरून झाला तरी उचलेना. मग हळूच म्हणाली, "बाई, खरंच मांगान का तुमी?"

"मांगीन."

तिनं गुंड डोक्यावर घेतला. "मंग परवा मी राहतो," म्हणाली आणि गेली.

आज सकाळी मी उभी राहिले, गिरजा. तुझा डबा तुझ्या मुलाकडून मागून नेला नाही, घरचा घेतला. उभं राहणं इतकं कंटाळवाणं असतं हे तू कधी सांगितलं नाहीस. पाय जड होतात, डोळे झुडपावर ठरत नाहीत, आणि प्रत्येक पान हललं की उगाच डबा वाजवला जातो. नावं घेताना माझा आवाज फाटत होता. बाया मात्र वेचत होत्या. मागे टोपल्यांचा आवाज येत होता, आणि कोणी दचकून सरळ होत नव्हतं.

निघायच्या वेळी मी टोपली पुढे धरली. त्या वेळी मला लाज वाटली. खरंच सांगते, कानापर्यंत लाज वाटली. इतकी वर्षं मी तुला बिनधास्त सांगत आले की घे, त्यात काय आहे. स्वतः घ्यायला मी कधी टोपली पुढे धरली नव्हती. कोणी हसलं नाही, तरी मला ते वरोऱ्याचं खुसखुसणं ऐकू आलं. तुला किती लागलं असेल ते मला आज कळलं, आणि कळूनही मला वाटतं की तू चुकलीस. दोन्ही खरं आहे. भांडण मिटलं नाही, मिटणारही नाही आता.

सगळ्यांनी टाकली. शेवटी तुझी सून आली. पहिल्यांदाच आली होती, तिला अजून भरभर वेचता येत नाही, टोपलीत फार नव्हतं. तिनं त्यातली ओंजळ भरून माझ्यापुढे धरली. माझे हात मागे आले. सासूच्या दुःखातून नुकती उठलेली पोर, तुझ्या घरची, हिच्याकडून काय घ्यायचं? राहू दे ग, असं तोंडाशी आलंच होतं. तेवढ्यात सरूकडे लक्ष गेलं. पुढची पाळी तिची, आणि ती माझ्या हातांकडे बघत होती.

मी टोपली पुढे केली. घेतली, गिरजा. तुझ्या सुनेकडूनसुद्धा घेतली.